पाय मोडलेली अक्षरं

आचरा, ता. मालवण
१२ नोव्हेंबर २००६

चि. रविराज यास आणि चि. सौ. संजना हिस,

दोघांना आशीर्वाद. इथे आम्ही बरे आहोत. तुमचं कुशल विचारायचं आहे, पण ते शेवटी विचारीन.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील आणि उघडावं की नाही असा विचारही केला असशील. उघडलंस म्हणून पुढे लिहितो. पत्ता मला कुठून मिळाला तेही ओघात येईल. इतकी वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली, तेव्हा आधी हवामान आणि मग बाकी, ही सवय अजून गेलेली नाही.

पाऊस यंदा दिवाळीच्या तोंडापर्यंत रेंगाळला, त्यामुळे भात उशिरा कापलं. मागच्या पडवीची कौलं बदलून घेतली. विहिरीकडचा वाकडा माड पाडला, तो घरावर आला असता. रापणीच्या जाळ्यात बांगडा बरा लागतोय. तुझ्या आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मे महिन्यात कणकवलीला काढला आणि आता ती सुईत दोरा माझ्याआधी ओवते.

आणखी एक बातमी म्हणजे मी घरात संगणक घेतला आहे. तुझ्या वर्गातला सर्वेश, ज्याचा तिठ्यावर सायबर कॅफे आहे, त्याने नवीन मशीनं आणली तेव्हा एक जुनं मला दिलं. त्यावर लिनक्स घालून घेतलं. तू हसशील, पण काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या आणि समोरून उत्तर येईपर्यंत थांबायचं, हे मला नवीन वाटलंच नाही. आमची मोर्सची किल्ली बंद झाली तेव्हा वाटलं होतं, आपल्या हाताला आता काही काम उरलं नाही. तर तसं नव्हतं.

आणि खरी सांगण्यासारखी गोष्ट ही की मी एक ब्राउझर बांधला. तयार मिळतो तो नव्हे. ओपन सोर्स असतो तो, मूळ सोर्स कोडपासून, घरी. तुझ्या धंद्यात याचं कुणाला काही वाटणार नाही, पण आचऱ्यात असा उद्योग करणारा मी एकटाच असेन. सर्वेशने कॅफेतून कोड उतरवून सीडीवर घालून दिला. आपल्या फोनच्या तारेवरून तो उतरवता उतरवता लाइन दहादा तुटली असती.

पहिल्यांदा तर सुरुवातच होईना. त्याला लागणारी एक लायब्ररी नाही, ती घातली की दुसरी जुनी. इंग्रजीतून एका चर्चेच्या यादीवर अडचण लिहिली, तर ब्राझीलमधल्या कुणा भल्या माणसाने कुठली फाइल कमी आहे ते अचूक सांगितलं. मग कंपाइल सुरू झालं. पडद्यावरून ओळी सरकत राहायच्या आणि मी समोर खुर्ची टाकून बसायचो. भारनियमनात वीज गेली की सगळं थांबायचं. वीज आल्यावर पुन्हा 'मेक' ही आज्ञा दिली की जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू व्हायचं. ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. सगळ्यात कठीण काम शेवटी होतं, सुटे तुकडे एकत्र जोडायचं. तिथे मशीनची मेमरी संपायची आणि दिवसभराची मेहनत तोंडघशी पडायची.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तू विचारशील. मराठीसाठी. तयार ब्राउझरमध्ये आपली अक्षरं नीट दिसत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी न बसता नंतर बसायची आणि शेजाऱ्यावर कलायची. जोडाक्षरं सुटी व्हायची, अर्ध्या अक्षराचा पाय मोडून ते नुसतं उभं राहायचं. अक्षरांची जुळणी करणारा भाग त्यात असतो, पण तो बंद ठेवलेला. तो चालू करायचा तर एक ओळ आपल्या हाताने घालून सगळा ब्राउझर पहिल्यापासून बांधायचा, दुसरा इलाज मला सापडला नाही.

आणि मराठीत वाचायचं काय होतं, तर तू.

तू ब्लॉग लिहितोस हे मला एप्रिलमध्ये सर्वेशकडून कळलं. त्याच्या मशीनवर नुसते चौकोन दिसत होते, पण वर तुझं नाव इंग्रजीत होतं. घरी येऊन उघडलं तर चौकोनांच्या जागी मोडकी का होईना, अक्षरं दिसली. तेव्हापासून आम्ही दोघं तुझं वाचत आलो. तुला ठाऊक नसणार. तिथे खाली वाचकांनी लिहायची चौकट आहे, पण तुझ्या आईला ते चव्हाट्यावर बोलल्यासारखं वाटलं.

दुपारची भांडी झाली की ती माझ्या बाजूला येऊन बसायची. तिला ती अक्षरं लागत नसत, म्हणून मी वाचायचो. तू तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या कढीवर लिहिलंस ते तिने मला चारदा वाचायला लावलं. टोरंटोत बर्फ पडताना तुला आपल्या पाणंदीतला चिखल आठवला, तेही. मी अडखळायचो, अंदाजाने शब्द लावायचो, तेव्हा ती म्हणायची, "तुमी मनान वाचतास. तो असा लिवचो नाय." आपल्या झिलाचं वाक्य कसं असेल हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. शेवटी एकदा म्हणाली, "माका माज्या डोळ्यांनी वाचूक व्हया." तेव्हा, पावसाच्या सुरुवातीला, मी हे ब्राउझरचं काम हातात घेतलं.

आषाढापासून तू काही नवीन लिहिलं नव्हतंस. आम्हाला वाटलं, कामात असशील. आम्ही जुनंच पुन्हा पुन्हा वाचत होतो. बांधकाम दोनदा फसलं म्हणून मी ते सोडूनही दिलं होतं. गणपतीत पाहुणे, आरत्या, त्यात मशीन उघडलंच नाही.

गणपती गेल्यावर उघडलं, तेव्हा तुझं नवीन लिखाण आलेलं होतं. थोडक्याच ओळी होत्या. तुझी आई मागच्या दारी मासळी निवडत होती. मी म्हटलं, आधी आपण लावून ठेवू, मग तिला हाक मारू.

पहिल्याच ओळीत तिचं नाव होतं. 'सत्' वेगळं, पाय मोडलेलं, आणि 'यवती' वेगळं. आणि पुढे 'गेली'.

रवी, मी उठून मागच्या दाराशी गेलो. ती विळीवर बसली होती. मांजराला हाकलत होती. मला वाटलं, कुणीतरी तुला तिकडे खोटी बातमी दिली. मग परत येऊन पुढच्या ओळी लावल्या, आणि मला कळलं. कळलं असं आता लिहितोय. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की अक्षरं मोडलेली आहेत, वेलांट्या भलतीकडे आहेत, आपण नेहमीसारखं मनाने वाचतोय.

तुला धोंडूची गोष्ट कधी सांगितली नव्हती. रेडी गावचा खलाशी, आमच्या जहाजावर होता. त्याच्या घरून संदेश आला तेव्हा हवा खराब होती. 'वडील' एवढं स्वच्छ लागलं, पुढचं खरखरीत गेलं. जे ऐकू आलं त्यावरून काय असावं ते समजत होतं, पण तशी बातमी अर्धवट ऐकून कुणाच्या हातात द्यायची नाही, हा माझा नियम. मी संदेश पुन्हा मागवला. तो मिळायला बराच वेळ गेला, आणि तो तोच होता. पुढे धोंडूला हे कळलं. मला वाटलं, रागावेल. तो म्हणाला, "बरा केलात, साहेब. तितको येळ माजो बापूस जिवंत होतो."

मीही संदेश पुन्हा मागवायचं ठरवलं. ब्राउझर बांधून होईपर्यंत त्या ओळी वाचायच्या नाहीत. कणकवलीला जाऊन मराठी नीट दिसणाऱ्या कुणाच्या मशीनवर त्या वाचता आल्या असत्या हे मला माहीत होतं. चार लोकांत बसून वाचायची छाती नव्हती.

तुझी आई विचारायची, "नवीन काय लिवल्यान?" मी सांगायचो, मशीन बांधकामाला लावलंय, बांधून झालं की तूच वाच. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त बोचायचं. मी सकाळी बसलो की जेवायला हाक येईपर्यंत उठत नसे. मेमरी पुरावी म्हणून चित्रंबित्रं सगळी बंद केली, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर काम चालवलं. सुरुवातीला घाई केली. मग एके दिवशी लक्षात आलं, आता हे होणार. तेव्हा विहिरीकडचा तो माड पाडून घेतला, माडांना मीठ घातलं, पडवीच्या कौलांचं काम तेव्हाच काढलं. जी कामं वर्षभर पडून होती ती सगळी मला त्या आठवड्यात सुचली.

पण कौलं तरी किती दिवस बदलणार. दिवाळीच्या आधी जोडणी पार पडली. काही चुकल्याची ओळ आली नाही, पडदा शांत झाला. ब्राउझर उघडला आणि तुझं पान आणलं.

वेलांट्या जागेवर होत्या. तुझ्या आईचं नाव अखंड होतं. खाली तू लिहिलेलं मी इथे पुन्हा लिहितो, कारण ते आम्ही नीट वाचलं हे तुला कळावं: "काल आमची सत्यवती गेली. ती मोठ्याने कधी रडलीच नाही, तेवढा श्वासच तिच्याकडे नव्हता. आईचं नाव दिलं होतं. ते आईला सांगायचं राहून गेलं."

मी मशीन बंद केलं आणि आईला सांगितलं, अजून झालेलं नाही. हे मात्र खोटं होतं.

ते दोन दिवसही टिकलं नाही. सर्वेश फराळाचं द्यायला आला. ब्राउझर बांधून झाल्याचं मी आदल्या दिवशी त्याला तिठ्यावर बोलून बसलो होतो. तो बिचारा कौतुकाने म्हणाला, काकी, आता अक्षरं अगदी पुस्तकासारखी दिसतात. त्याने पान पाहिलं नव्हतं, त्याच्याकडे ते दिसतही नाही. तो गेल्यावर ती उठली. हात धुतले, पदराला पुसले, चष्मा घेऊन आली.

"उठा थंयसून," म्हणाली.

मी म्हटलं, आधी माझं ऐक. ती म्हणाली, "इतके दिवस तुमचाच आयकलंय."

मी उठलो. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द लावत गेली, लहानपणी तुला पाटीवर शिकवायची तशी. शेवटपर्यंत गेली, परत वर आली, पुन्हा वाचलं. मी खिडकीशी उभा होतो. ती म्हणाली, "नाव माजा. आणि माका म्हायत नाय."

मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "कितकी मोठी होती?"

तू ते लिहिलं नव्हतंस. आमच्या नातीचं वय मला ठाऊक नव्हतं.

या दिवाळीत आपण कंदील लावला नाही. तुझ्या आईने सुतक धरलं. शेजारणी विचारायला आल्या तेव्हा तिने दारातच सांगितलं, नात गेली. कोणाची, कधी झाली, कुठे झाली, असं ज्यांनी विचारलं त्यांनाही तेवढंच सांगितलं. दाजी आला. माझा चुलतभाऊ असला तरी भावकीत तो वडीलधारा, त्याचा शब्द चालतो. तो पडवीत बसून म्हणाला, "इतक्या ल्हान पोराचा सुतक आपल्यात कोण धरीत नाय. आणि ता खंयच्या घरचा, म्हायत आसा मा?"

मी बोलायच्या आधी तुझी आई बाहेर आली. "म्हायत आसा," म्हणाली. "माज्या घरचा. मी धरतंय. तुमी नाय धरलास तरी चालात."

दाजी पाणी न घेता गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको यशोदा पेजेचं भांडं घेऊन आली आणि आईजवळ बसून राहिली. मग इतरही बायका येऊ लागल्या. ज्या घरात बारसं झालं नाही त्या घरात लोक समाचाराला येत होते. मी पडवीत बसून त्यांना बसा म्हणत होतो. चार वर्षांत तुझं नाव घ्यायचं तर लोक माझ्याकडे बघून गप्प होत. त्या दिवसांत सगळे घेत होते.

सुतक फिटल्यावर मी खारेपाटणला गेलो, संजनाच्या माहेरी. तुमच्या लग्नानंतर त्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. एसटीत बसल्यापासून जुळवत होतो की दारात काय बोलायचं. जानकीविहीणबाईंनी दार उघडलं. मी नुसतं आपलं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, आत येवा. गूळपाणी दिलं. त्यांनी मला काही ऐकवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आषाढात झाली आणि भाद्रपदात गेली, हे त्यांच्याकडून कळलं. काळजाला भोक होतं, एक ऑपरेशन झालं, दुसऱ्याच्या आधीच गेली. त्यांना व्हिसा मिळाला नाही, त्यांनीही तिला हातात घेतली नाही. आणि त्यांनी हेही सांगितलं की तुम्ही दोघांनी ठरवलं होतं, दुसरं ऑपरेशन झालं की तिला घेऊन न कळवता सरळ आचऱ्याला यायचं. माझी पायरी चढायची. मी काही म्हटलं तरी चढायची.

रवी, हे ऐकल्यापासून मी संध्याकाळी त्या पायरीवर बसतो. २००२ सालच्या मे महिन्यात मी तुम्हाला आत घेतलं नाही आणि तुम्ही दोघं तिथूनच परत गेलात. कोण काय बोललं ते तुलाही पाठ आहे आणि मलाही, ते इथे उगाळत नाही. त्या पायरीवरून तुझी मुलगी आत यायची होती, एवढंच आता मला दिसतं.

विहीणबाईंकडे तिचा एक फोटो होता. देऊ करत होत्या, पण एकच होता, मी घेतला नाही. पाहिला. नाकात नळी, डोळे मिटलेले. विहीणबाई म्हणाल्या, "कपाळ तुमच्या घरचा." खरंच, रुंद कपाळ, तुझ्या आईचं. निघताना त्यांनी कागदावर तुझा पत्ता लिहून दिला.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, काही न गाळता. आषाढ ते भाद्रपद, असं तिने मनाशी म्हटलं. आषाढात मी काय करी होतंय, म्हणाली, आणि आठवत बसली. भाताची लावणी, परसातली भाजी, डोळ्यात थेंब घालणं. ती इथे हे करत होती तेव्हा तिकडे तिच्या नावाची मुलगी होती, हे ती अजून लावून बघते. कधी जेवताना मध्येच सांगते की अमुक दिवशी आपण देवळात गेलो होतो, तेव्हा होती.

तुझ्या आईचा निरोप ती सांगते तसा, तिच्या शब्दांत उतरवतो. तो संजनाला आहे. "संजना, बाय, तुका मी बगूक नाय नीट. त्या दिवशी तू पायरीर उबी होतंस आणि मी आतसून बगी होतंय, बाहेर येवक नाय. तुजा दूद कसा सुकवलस, तुका कोणी काय सांगल्यान काय नाय, ह्याच माज्या मनात येता. डोक्यार ऊन पाणी घे. थंडीत पाय उगडे ठेव नको. माका आये म्हण, नाय म्हणलस तरी मी तुजी आसंय."

लिहून झाल्यावर तिने ते परत वाचून दाखवायला लावलं. मनाने काही घातलं नाही ना, ते बघायला.

भाद्रपदानंतर तू काही लिहिलेलं नाहीस. आम्ही रोज बघतो. मी तुला ये म्हणत नाही, तेवढा हक्क सांगायची ही वेळ नव्हे. यावंसं वाटलं तर दार उघडं असेल आणि मी बाहेर असेन. पण लिही. तिच्याबद्दल लिही, ती कशी बघायची, हात कसा धरायची, आम्हाला काहीच ठाऊक नाही. नाहीतर हवेबद्दल लिही, ऑफिसबद्दल लिही, माझ्यावर राग असेल तर तो लिही. आई स्वतः वाचते, मी काही गाळू शकत नाही.

आता विचारतो. तुम्ही दोघं कसे आहात? जेवता का? रात्री झोप लागते का?

उत्तराची वाट पाहणारा,

सत्यवतीचा आजो
विठोबा